साखरझोप : मधुमेही माणसाची रात्र आणि नेमकी भाषा



आपल्या विद्यालयाच्या आद्य मुख्याध्यापकांच्या स्मृतिप्रीत्यर्थ होणाऱ्या या व्याख्यानासाठी आपण मला पाचारण केलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. मी याच शाळेचा विद्यार्थी. त्यामुळे या व्यासपीठावर उभे राहताना पाहुण्याचा संकोच वाटत नाही. विद्यार्थ्याचा संकोच मात्र वाटतो.

मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने संतवाङ्मयावर, दशावतारी परंपरेवर किंवा गोमंतकातील मराठीच्या भवितव्यावर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार आणि ती रास्तच आहे. मी मात्र 'मधुमेही माणसाची झोप' हा विषय निवडला आहे. माझी डॉक्टरकी भाषेतली. नाडी पाहण्याचा अधिकार मला नाही. परंतु गेली २२ वर्षे मी मधुमेहासह राहत आहे, आणि या सभागृहातील अनेकांची स्थिती माझ्यासारखीच असावी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर गेली आहे, आणि सर्व राज्यांत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण आपल्या गोव्यात, प्रौढांपैकी २६.४ टक्के इतके आढळले. म्हणजे दर चार प्रौढांत एक! तेव्हा हा विषय परका नाही. तो घरचाच आहे.

या विषयाकडे मी वळलो तो भाषेच्या वाटेने. आमचे सर निबंध तपासताना समासात तांबड्या शाईने एकच शब्द लिहीत : 'नेमके?' 'देखावा सुंदर होता' असे लिहिले की 'नेमके?' 'मला वाईट वाटले' असे लिहिले की पुन्हा 'नेमके?' दवाखान्याच्या बाकावर आपला क्रमांक येण्याची वाट पाहत बसलो असताना हा शब्द मला फार वेळा आठवला आहे. आत गेलेला रुग्ण डॉक्टरांना साखरेचे आकडे बिनचूक सांगतो. जेवणाआधीची किती, जेवणानंतरची किती. झोपेची चौकशी झाली की मात्र म्हणतो, 'झोप येत नाही हो. आता वयच झाले.' डॉक्टरांच्या दारात रांग असते. विषय तेथेच संपतो, किंवा झोपेच्या गोळीपाशी संपतो.

माझे आजचे सांगणे एवढेच आहे : 'झोप येत नाही' हे वाक्य अपुरे आहे. त्या एका वाक्याच्या पोटात निदान पाच निरनिराळी वाक्ये दडलेली असतात. प्रत्येकाचे कारण वेगळे, उपाय वेगळा. ती वेगळी करणे हे रोग्याचे काम आहे, आणि त्यासाठी लागणारी भाषा त्याच्याजवळ आहे.

आपली शब्दसंपत्ती

झोपेच्या बाबतीत मराठी विलक्षण श्रीमंत आहे. झोप येते, लागते, मोडते, उडते, चाळवते. डोळा लागतो, किंवा डोळ्याला डोळा लागत नाही. डुलकी, पेंग, झापड, गुंगी, ग्लानी, तंद्री हे सारे शब्द शेजारी शेजारी राहतात, पण त्यांचा अर्थ एक नाही. डुलकी सुखाची असते; झापड आवरत नाही; गुंगी औषधाची असते आणि ग्लानी आजाराची. वामकुक्षी म्हणजे तर झोपही नव्हे. जेवणानंतर डाव्या कुशीवर घटकाभर पडणे, एवढाच तिचा मूळ अर्थ. आपल्या घरांतून कोकणीत ऐकू येणारी 'न्हीद' आणि मराठीतली 'नीज' या तर संस्कृत 'निद्रे'च्याच दोन लेकी.

आणि या सगळ्यांत लडिवाळ शब्द म्हणजे 'साखरझोप'. पहाटेची, अर्धी जागी, कुणी उठवू नये असे वाटणारी झोप. हा शब्द घडविणाऱ्याला पहाटेच्या वेळी रक्तात काय घडते याची कल्पना असणे शक्य नव्हते. तरीही मधुमेह्यांच्या बाबतीत तो अक्षरशः खरा ठरला आहे. त्याकडे मी पुढे येणारच आहे.

एका वाक्याची पाच वाक्ये

पहिले वाक्य : 'रात्रीतून चार वेळा लघवीसाठी उठावे लागते.' रक्तातील साखर एका पातळीवर, साधारणतः १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की मूत्रपिंडे ती पूर्णपणे अडवून धरू शकत नाहीत. ती लघवीवाटे जाऊ लागते आणि आपल्याबरोबर पाणी ओढून नेते. मग तहान लागते, आपण पाणी पितो आणि पुन्हा उठतो. येथे झोप हा मूळ रोग नाही. साखर आटोक्यात आली की झोप बहुधा आपोआप सावरते. मात्र प्रत्येक वेळी दोष साखरेचाच असतो असे नाही. वाढलेले प्रोस्टेट, रक्तदाबासाठी संध्याकाळी घेतलेली लघवी वाढविणारी गोळी, पायांवरची सूज, ही कारणेही असू शकतात. म्हणून किती वेळा उठलो, लघवी भरपूर झाली की थेंबथेंब, आणि गोळी कोणत्या वेळी घेतो, ही तिन्ही उत्तरे घेऊनच डॉक्टरांकडे जावे. वृद्धांच्या बाबतीत आणखी एक धोका आहे. अंधारात धडपडत उठताना पडल्यामुळे खुब्याचे हाड मोडणे, ही आपल्या पिढीची नित्याची शोकांतिका आहे. न्हाणीघराच्या वाटेवर रात्रभर जळणारा मंद दिवा हा तीवरचा सर्वांत स्वस्त उपाय.

दुसरे वाक्य : 'दिवसभर काही नसते, अंथरुणावर पडलो की तळपायांची आग होते.' कुणी म्हणते मुंग्या येतात, कुणी म्हणते सुया टोचतात, कुणाला पायांवर पांघरूण सहन होत नाही. दीर्घकाळ वाढलेल्या साखरेने पायांच्या मज्जातंतूंना इजा होते आणि ही वेदना रात्री बळावते. तिच्यावर वेगळी औषधे आहेत. झोपेची गोळी हे तिचे उत्तर नव्हे. मेटफॉर्मिन हे औषध अनेक वर्षे घेणाऱ्यांत ब-१२ जीवनसत्त्व कमी पडू शकते आणि त्यानेही अशाच मुंग्या येतात. ते साध्या रक्ततपासणीत कळते. काहींना दुखत नाही, पण पाय सतत हलवावेसे वाटतात; उठून चार पावले चालले की बरे वाटते. ही तक्रार आगीहून वेगळी आहे, तिला वैद्यकात स्वतंत्र नाव आहे आणि पुष्कळदा तिच्या मुळाशी लोहाची कमतरता सापडते. 'पाय दुखतात' या दोन शब्दांत हा सारा भेद पुसला जातो.

तिसरे वाक्य : 'मध्यरात्री घामाने भिजून, छाती धडधडत जाग येते.' वाईट स्वप्ने, सकाळी जड डोके, ओलसर उशी, ही त्याची भावंडे. हे वाक्य कधीही पुढच्या भेटीपर्यंत राखून ठेवू नये, कारण रात्री साखर फार खाली गेल्याची ती खूण असू शकते. इन्सुलिन घेणारे आणि ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणारे यांना हा धोका अधिक. उपवास, उशिरा किंवा अपुरे जेवण, नेहमीहून अधिक श्रम, आणि आपल्याकडे सांगितलेच पाहिजे असे, रात्रीची फेणी. यांनी तो वाढतो. मद्यामुळे यकृताची साखर सोडण्याची क्रिया मंदावते आणि तिचा परिणाम मध्यरात्रीनंतरही होऊ शकतो.

हे मी अनुभवाने सांगतो. ११ वर्षांपूर्वी एका रात्री माझ्या पत्नीला माझ्या असंबद्ध पुटपुटण्याने जाग आली. माझा सदरा घामाने चिंब होता. तिने यंत्रावर साखर पाहिली, ती ४८ भरली. तिने मला बसते केले, तीन चमचे साखर पाण्यात ढवळून घोट घोट पाजली, १५ मिनिटांनी पुन्हा मोजले आणि आकडा ७०च्या वर गेल्यावर दोन बिस्किटे खायला लावली. मला यातले काहीही आठवत नाही. मला हे सारे तिच्याकडून कळले. जेवण, औषध, दिनक्रम, सर्व नेहमीचेच होते. डॉक्टरांनी तपासले तेव्हा कळले की वयोमानाने मूत्रपिंडांचे काम मंदावले होते आणि वर्षानुवर्षे पचलेली तीच गोळी आता शरीराला जड होत होती. गोळी बदलली आणि त्या रात्री थांबल्या. येथे एक सूचना करतो : माणूस शुद्धीवर नसेल तर त्याच्या तोंडात काहीही घालू नये; तत्काळ १०८ क्रमांकाला दूरध्वनी करावा.

चौथे वाक्य मोठे फसवे आहे : 'झोप छान लागते, पण सकाळी ताजेतवाने वाटत नाही.' हा माणूस झोपेची तक्रार करीतच नाही. तक्रार त्याच्या घरचे करतात, कारण तो घोरतो. घोरता घोरता आवाज थांबतो, काही क्षण भयाण शांतता, आणि मग गुदमरल्यासारखा मोठा श्वास. घशाचा मार्ग झोपेत मिटतो, प्राणवायू कमी पडतो आणि मेंदू माणसाला क्षणभर जागे करून श्वास सुरू करतो. हे रात्रीतून शेकडो वेळाही घडू शकते आणि सकाळी त्यातले काही आठवत नाही. डॉक्टर याला स्लीप ॲप्निया म्हणतात. आपण झोपेतला श्वासरोध म्हणू. अमेरिकेत स्थूल मधुमेहींच्या एका अभ्यासात ३०६ जणांची तपासणी झाली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ८६ टक्क्यांहून अधिक लोकांत कमीअधिक श्वासरोध आढळला, आणि बहुतेकांना त्याचे निदान त्यापूर्वी झालेले नव्हते. यावर वजन घटविणे, कुशीवर झोपणे, मद्य टाळणे, तसेच नाकावर मुखवटा लावून दाबाने हवा देणारे यंत्र, असे उपाय आहेत. अशा माणसाला न विचारता घेतलेली झोपेची गोळी अपायकारक ठरू शकते. आपल्या विनोदी नाटकांनी घोरण्याला हशा मिळवून दिला. आता त्याला थोडे गांभीर्य मिळायला हवे.

पाचवे वाक्य : 'पडलो की विचार सुरू होतात.' डोळ्यांचे काय होईल, पायाचे काय होईल, मुले दूर आहेत. हे मनाचे दुखणे आहे म्हणून ते खोटे नाही. मधुमेहात उदासीनतेचे प्रमाण अधिक असते आणि ती झोपेवर उतरते. दीर्घकाळच्या निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून अमेरिकेतील वैद्यांच्या महाविद्यालयाने २०१६ साली गोळी सुचविली नाही, तर सवयी व विचार बदलण्याची शिस्तबद्ध पद्धती सुचविली : अंथरुण केवळ झोपेसाठी, उठण्याची वेळ रोज एकच, आणि झोप लागत नसेल तर तळमळत न पडता उठून बसणे.

पहाटेची साखर

आता साखरझोपेकडे वळतो. रात्री आठ वाजता जेवलो, मध्ये काही खाल्ले नाही, तरी सकाळी उपाशीपोटी साखर वाढलेली कशी? हा प्रश्न प्रत्येक मधुमेही विचारतो आणि घरचे संशयाने फडताळाकडे पाहतात. पहाटेच्या सुमारास शरीर जागे होण्याची तयारी करते. कॉर्टिसोल, वृद्धिसंप्रेरक इत्यादी रसायने वाढतात आणि यकृत रक्तात साखर सोडू लागते. निरोगी माणसाचे स्वादुपिंड त्याला तोडीस तोड इन्सुलिन देते. मधुमेह्याचे देऊ शकत नाही. या घटनेला १९८० नंतरच्या दशकात इंग्रजीत पहाटेचेच नाव मिळाले. आपण तिला निःशंक साखरझोप म्हणावे!

मात्र सकाळचा चढा आकडा दरवेळी पहाटेचाच असतो असे नाही. आदल्या रात्रीचे जड जेवण किंवा अपुरी औषधमात्राही त्यामागे असू शकते. हा निवाडा रात्री दोन-तीनच्या सुमारास एक-दोनदा साखर मोजल्यानेच होतो. केवळ सकाळचा आकडा पाहून आपल्या मनाने रात्रीचे इन्सुलिन वाढविणे धोक्याचे आहे. मध्यरात्री साखर खाली जात असेल तर ती आणखी खाली जाईल.

उलटा प्रवाह

येथवर साखरेमुळे झोप कशी बिघडते ते पाहिले. झोप बिघडल्याने साखर बिघडते काय? १९९९ साली शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी ११ निरोगी तरुणांना सहा रात्री केवळ चार-चार तास झोपू दिले. भरपूर झोप मिळाल्यानंतरच्या स्थितीशी तुलना करता, रक्तातील साखरेचा निचरा होण्याचा त्यांचा वेग सुमारे ४० टक्क्यांनी मंदावला होता. तेथेच २००८ साली झालेला दुसरा प्रयोग अधिक सूक्ष्म होता. तरुणांच्या झोपेचे तास कमी केलेच नाहीत. केवळ आवाज करून त्यांना तीन रात्री गाढ झोपेत उतरू दिले नाही. इन्सुलिनचा प्रभाव सुमारे एकचतुर्थांशाने घटला. म्हणजे झोपेचे तास मोजणे पुरेसे नाही. तिची खोलीही मोजली पाहिजे.

आपल्या पूर्वजांना हे आकडे ठाऊक नव्हते, पण त्यांचे निरीक्षण डोळस होते. चरकसंहितेने आहार आणि निद्रा यांना शरीराच्या आधारस्तंभांत गणले. सूत्रस्थानाच्या ज्या २१व्या अध्यायात अतिस्थूल माणसाची चर्चा आहे, त्याच अध्यायात निद्रेची चर्चा यावी, हे मला अर्थपूर्ण वाटते. बसून राहण्याचे सुख आणि झोपेचे सुख यांना चरकाने प्रमेहाच्या कारणांत घातले; सुश्रुतानेही दिवसा झोपणे त्यात मोजले. गीतेचा सहावा अध्याय तर अतिनिद्रा आणि अतिजागरण दोन्ही नाकारतो. आजच्या मोठ्या पाहण्यांतही फार कमी झोपणारे आणि फार अधिक झोपणारे, दोघांतही मधुमेहाचे प्रमाण जास्त आढळते. जुन्या ग्रंथांत आधुनिक शोध शोधण्याची हौस मला नाही. माणसाचे शरीर तेच आहे, एवढेच यातून दिसते.

मग आपल्या गोव्याच्या दुपारच्या झोपेचे काय? एक ते साडेतीन बाजारपेठ बंद ठेवणारा आपला समाज आहे. तिच्यावर बहिष्कार घाला असे मी म्हणणार नाही. माझेच कुणी ऐकणार नाही. पण शीतकढीनंतरची दोन तासांची गाढ झोप रात्रीची झोप चोरते. अर्ध्या तासाच्या आतली डुलकी चालेल. म्हणजे वामकुक्षी तिच्या मूळ अर्थाने घ्यावी. आणि जेवणानंतर शतपावली घालावी; जेवणानंतर थोडे चालल्याने साखर कमी चढते, हे आता प्रयोगांनी दाखविले आहे. जत्रेतला दशावतारी काला किंवा सप्ताहातले पार यांसाठी वर्षातून दोन-चार रात्री जागवणाऱ्यांना मी अडवणार नाही; औषध आणि जेवणाची वेळ मात्र डॉक्टरांना विचारून ठरवावी. रोजच्या रात्रपाळीत काम करणारे आपले तरुण हा खरा चिंतेचा विषय आहे.

साक्षीदार

झोपलेल्या माणसाला स्वतःची झोप दिसत नाही. तो घोरला, श्वास थांबला, घामाने भिजला, बडबडला, हे दुसऱ्याने पाहावे लागते. म्हणून झोपेच्या तक्रारीत खरा साक्षीदार शेजारी निजणारा असतो. डॉक्टरांकडे जाताना त्याला सोबत न्यावे आणि त्याला बोलू द्यावे. आपल्या घरांतून नवऱ्याच्या घोरण्याविषयी डॉक्टरांसमोर बोलणे पत्नीला अवघड वाटते, आणि पत्नी घोरते हे तर कुणी बोलतच नाही. श्वासरोध स्त्रियांनाही होतो, विशेषतः पाळी थांबल्यानंतर. तो लाजेपायी ओळखला जात नाही.

माझी साक्षीदार सहा वर्षांपूर्वी गेली. एकट्या राहणाऱ्या मधुमेही वृद्धांची संख्या गोव्यात थोडी नाही. मुले परदेशी, घरे मोठी आणि रात्री लांब. त्यांच्यासाठी माझा अनुभव सांगतो. निजण्यापूर्वी मी साखर मोजतो. उशाशी पाणी, साखरेची डबी, विजेरी आणि दूरध्वनी असतो. दंडावर एक लहानसे यंत्र आहे. साखर खाली जाऊ लागली की ते गजर करते आणि पुण्यात माझ्या मुलीलाही कळते. त्याच्या गजराने कधी विनाकारण झोपमोड होते हे खरे, आणि ते सर्वांना परवडणारे नाही हेही खरे. ज्यांना ते शक्य नाही त्यांनी सकाळी ठरावीक वेळी दार उघडले की नाही हे पाहणारा एक शेजारी जोडावा. तो यंत्राइतका नेमका नसेल, पण चहा पाजू शकतो.

शिक्षकबंधूंनाही एक विनंती. विद्यार्थ्याच्या पाच लक्षणांत आपण श्वाननिद्रा शिकवतो, म्हणजे चटकन जागे होणारी झोप. पण वर्गात मधुमेह असलेले, इन्सुलिन घेणारे मूल असेल आणि ते पहिल्याच तासाला पेंगत असेल, तर त्याला आळशी म्हणण्यापूर्वी आदली रात्र कशी गेली ते विचारा. रात्री साखर खाली गेल्यामुळे त्याच्याबरोबर त्याचे आईवडीलही जागलेले असू शकतील. आणि ते पेंगणेच साखर उतरल्याचे लक्षण असू शकते. अशा वेळी ती तेथल्या तेथे मोजली पाहिजे.

शेवटची विनंती

श्रोतेहो, आपल्यापैकी जे मधुमेही आहेत त्यांनी पुढच्या भेटीपूर्वी एक आठवडा एक साधी वही ठेवावी. केव्हा पडलो, अंदाजे केव्हा झोप लागली, किती वेळा आणि कशाने जाग आली, सकाळी कसे वाटले, दिवसा कोठे पेंग आली, आणि शक्य झाल्यास साखरेचा आकडा. घड्याळाकडे वारंवार पाहू नये; सकाळी अंदाजाने लिहिले तरी पुरते. सात रात्रींच्या सात ओळी. त्या ओळी डॉक्टरांच्या हाती द्या आणि 'वय झाले' हे वाक्य घरीच ठेवा. वयाबरोबर झोप हलकी होते हे खरे. पण घाम, आग, गुदमर आणि चार वेळा उठणे हे वय नव्हे. त्यांना कारणे आहेत, आणि बहुतेक कारणांवर इलाज आहेत.

मराठीचा अध्यापक म्हणून मी आयुष्यभर सांगत आलो की शब्द नेमका असावा. तो परीक्षेतील गुणांसाठी आहे असे माझ्या बहुतेक विद्यार्थ्यांना वाटत असे. त्यांतले कित्येक आता साठीच्या घरात आले आहेत, काहींना मधुमेह आहे, आणि काहीजण येथे समोर बसले आहेत. त्यांना मी आज इतकेच सांगेन की तो आपल्या रात्रींसाठीही आहे.